डिस्क गोल्फची डिस्क घरी रंगवताना

सांगलीत प्रत्येक स्वयंपाकघरात एक तरी प्लास्टिकचा डबा हळदीनं कायमचा पिवळा झालेला असतो. गरम भाजी, वर तेलाचा तवंग, डबा रात्रभर तसाच राहिला की संपलं, मग किती घासा. हळदीतला रंग पाण्यापेक्षा तेलात आणि प्लास्टिकमध्ये जास्त रमतो आणि उष्णता मिळाली की आत शिरतो. डिस्क गोल्फ म्हणजे प्लास्टिकची चपटी डिस्क फेकून टोपलीत पाडायचा खेळ, आणि ती डिस्क रंगवणं म्हणजे हाच अपघात मुद्दाम आणि हव्या त्या जागी घडवून आणणं. रंग वर चढवायचा नसतो, आत मुरवायचा असतो. त्यामुळे ऑइलपेंट, स्प्रे, ॲक्रिलिक, फॅब्रिक कलर हे सगळं बाद. ते पृष्ठभागावर बसतं आणि डिस्क दोनदा दगडावर आपटली की पोपडे निघतात. शिवाय पीडीजीए या खेळाच्या संघटनेच्या नियमांत हाताला जाणवेल इतका जाड थर डिस्कवर चालत नाही. मुरलेल्या रंगाला जाडीच नसते, म्हणून रंगवलेली डिस्क स्पर्धेतही चालते.

हळदीनंच रंगवावी का, हा प्रश्न सांगलीकर विचारणारच. पिवळी होते, पण उन्हात फिकी पडते. डबा उन्हात ठेवल्यावर उजळतो तोच प्रकार. डिस्कचं आयुष्य उन्हातच जातं, तेव्हा हळद भाजीतच बरी.

आधी प्लास्टिक ओळखा

नव्वद टक्के निराशा इथेच ठरते. रंग चांगला धरतं ते टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. महागड्या डिस्क याच्या असतात. इनोव्हाच्या ‘स्टार’ आणि ‘चॅम्पियन’, डिस्क्राफ्टच्या ‘ईएसपी’ आणि ‘झी’ या त्यातल्या. ‘डीएक्स’ किंवा ‘प्रो-डी’सारखं स्वस्त, खडूसारखं कोरडं लागणारं प्लास्टिक रंग नीट धरत नाही. चढलाच तर फिका आणि डागाडागांचा. अल्टिमेट फ्रिसबीच्या १७५ ग्रॅमच्या मोठ्या डिस्कवरही भरवसा ठेवून रंग ओतू नका.

शंका असेल तर डिस्कच्या खालच्या बाजूला, रिमच्या आत, दाट रंगाचा एक थेंब टाका. त्यावर प्लास्टिकचा तुकडा झाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी साबणानं घासल्यावर ठिपका ठळक उरला तर कामाला लागा. पुसट झाला तर ती डिस्क तशीच खेळा.

पांढरी अपारदर्शक ‘स्टार’ किंवा ‘ईएसपी’ पहिल्या प्रयोगाला सर्वांत सोपी. पारदर्शक डिस्कवर रंग काचेसारखा सुंदर दिसतो, पण मागून उजेड येत असल्यानं फिका वाटतो. तिथे वेळ दीडपट धरा. आणि मूळ डिस्क पिवळी असेल तर निळा रंग हिरवाच येणार. हा रंग पारदर्शक असतो, खालचा रंग झाकत नाही.

दुकानात काय मागायचं

शब्द एकच लक्षात ठेवा: डिस्पर्स डाय. पॉलिस्टरच्या कापडाचा रंग. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह, डायरेक्ट किंवा व्हॅट रंग इथे काडीचे उपयोगाचे नाहीत. ते सुताला धरतात, प्लास्टिकवरून धुऊन जातात. इचलकरंजी सांगलीपासून तासाभराच्या आत आहे आणि तिथे कापडाच्या रंगांचा व्यापार जुना आहे. पण सुताचं गाव असल्यानं नुसतं ‘कापडाचा रंग’ म्हणालात तर हमखास रिॲक्टिव्ह हातात पडेल. ‘पॉलिस्टरचा, डिस्पर्स’ असं स्पष्ट म्हणा. ५० ग्रॅमची पुडी कित्येक डिस्कना पुरते.

ऑनलाइन मिळणारे दोन तयार पर्याय म्हणजे जॅकार्डचा ‘आयडाय पॉली’ आणि रिटचा ‘डायमोर’. पहिला १४ ग्रॅमच्या पुडीत येतो आणि डिस्कसाठी जास्त सोयीचा, कारण पावडर हवी तेवढी दाट कालवता येते. डायमोर आधीच पातळ असतो, त्यामुळे पुढे येणाऱ्या दाढीच्या फेसावरच्या कामाला कमजोर पडतो. नाव नीट वाचून घ्या. साधा ‘आयडाय’ सुतासाठी असतो, पुढे ‘पॉली’ हवंच.

तिसरी वाट गावातच आहे. मगवर फोटो छापणाऱ्यांकडची सब्लिमेशन शाई ही मुळात पाण्यात कालवलेला डिस्पर्स डायच असते. ती बारीक दळलेली असल्यानं गाठी नसतात. बाटलीतला रंग मळकट दिसतो म्हणून घाबरू नका, प्लास्टिकमध्ये विरघळल्यावर तो खुलतो. मात्र साधी प्रिंटरची शाई चालत नाही. आधी ठिपक्याची चाचणी घ्याच.

हातमोजे नायट्रिलचे घ्या. डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ सारख्या काही निळ्या रंगांनी कातडीला ॲलर्जी होते हे वैद्यकात नीट ठाऊक आहे, आणि खुल्या बाजारातल्या पुडीवर नेमका कुठला निळा आहे हे लिहिलेलं नसतं. पावडर कालवताना एन-९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा. परात, चमचे, चाळणी एकदा या कामाला घेतले की स्वयंपाकघरात परत नाही. घरच्यांशी या एका मुद्द्यावर वाद घालू नका, त्यांचं बरोबर आहे.

शिक्का आणि तेलकटपणा

डिस्कवरचा चकचकीत छापील शिक्का रंग अडवतो. तो नको असेल तर ॲसिटोननं काढा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. सुती फडकं ॲसिटोननं ओलं करा, शिक्क्यावर १० सेकंद दाबून धरा आणि एकाच दिशेनं पुसा. घासत बसलात तर पृष्ठभाग चिकट आणि खरबरीत होतो, आणि तिथे रंग गडद धब्ब्यासारखा उतरतो. गॅसच्या शेगडीपासून लांब, गच्चीवर किंवा खिडकीत हे काम करा. ॲसिटोनची वाफ फटकन पेटते.

मग भांड्यांच्या साबणानं डिस्क धुवा, कोरडी करा आणि मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं शेवटचा हात मारा. त्यानंतर वरच्या बाजूला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा अगदी रेघांसकट रंगात उमटतो.

रेडियम लावून गरम रंगात

नक्षीच्या कडा धारदार हव्या असतील तर हीच पद्धत. गाडीच्या नंबरप्लेटवर अक्षरं कापणारा रेडियमवाला यातला अर्धा कारागीर आहे. त्याला नक्षीची फाइल द्या आणि साध्या चिकट व्हिनाइलवर कापून मागा, चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह रेडियमवर नाही. ते जाड असतं आणि डिस्कच्या गोलाईवर बसत नाही. उलटी कापायची गरज नाही. मापाचं म्हणाल तर डिस्क २१ सेंमीची असली तरी ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फेकीच्या डिस्कचा, रिमकडचा दोन-अडीच सेंमीचा पट्टा उतरता असतो. तिथे व्हिनाइलला सुरकुत्या पडतात. नक्षी मधल्या १६ सेंमीत बसवा. दीड मिलीमीटरपेक्षा बारीक रेषा टाळा, सोलताना तुटतात.

व्हिनाइल जिथे असेल तिथे रंग लागणार नाही. म्हणजे ज्या भागाला रंग हवा तिथलं सोला. चिकटवल्यावर जुन्या एटीएम कार्डानं मधून बाहेर घासा, मग हेअर ड्रायरची ऊब देऊन कडा पुन्हा दाबा. एखादा बुडबुडा राहिला तर सुईनं टोचून हवा काढा. बुडबुडा म्हणजे रंगाला आत शिरायची वाट.

आता रंगाचं पाणी. इथे थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर एक सोपा हिशेब आहे. खळखळ उकळलेलं पाणी आणि नळाचं साधारण २८ अंशांचं पाणी सम भागात मिसळलं की ६३ अंशांच्या आसपास येतं. आपल्याला ६० ते ६५ अंशच हवेत. त्याखाली रंग आळसतो, ७० च्या वर डिस्क मऊ पडून वाकायला लागते आणि व्हिनाइलचा गोंद सुटतो.

१. ३० सेंमी व्यासाची सपाट बुडाची परात घ्या. आयडाय पॉलीची १४ ग्रॅमची पूर्ण पुडी किंवा तेवढीच सुटी पावडर ३५० मिली उकळत्या पाण्यात, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, पाच मिनिटं ढवळा. बोअरचं जड पाणी नको, फिल्टरचं घ्या. जड पाण्यात रंगाचे कण एकत्र येऊन गाळ धरतो.

२. हे दुहेरी मलमलीतून परातीत गाळा. ही पायरी गाळली तर न विरघळलेला प्रत्येक कण डिस्कवर काळ्या तिळासारखा उमटेल.

३. वर साधं पाणी ३५० मिली घाला. एकूण ७०० मिलीला या परातीत जेमतेम १ सेंमी खोली येते, आणि तेवढीच हवी.

४. डिस्क पालथी करा, एक कड आधी टेकवा आणि हळूहळू आडवी करत सोडा. सरळ थापटलीत तर मधे हवा अडकते आणि तिथे पांढरा चट्टा राहतो. १७५ ग्रॅमची डिस्क अशी पालथी सोडली की थाळीसारखी तरंगते, बुडाला टेकत नाही, आणि मागची बाजू कोरडी राहते. डिस्कच्या खांद्यापर्यंत, म्हणजे कडेच्या उतारापर्यंत, रंग हवा असेल तर डिस्कच्या आत ६० अंशांचं शंभरेक मिली साधं पाणी ओता, ती तेवढी खाली बसते. मधोमध वाटी वगैरे ठेवू नका. मऊ पडलेली डिस्क तिथे खचते.

५. वर ताट झाका. परात पसरट असल्यानं पाणी पटकन निवतं, म्हणून ती गरम पाणी भरलेल्या मोठ्या पातेल्यावर ठेवा. शेगडी बंदच. आच सुरू ठेवून डिस्क आत टाकायची चूक एकदाच होते, कारण दुसऱ्यांदा टाकायला ती डिस्क उरत नाही.

६. पिवळा, नारिंगी, गुलाबी ४ ते ५ मिनिटांत, लाल आणि निळा ८ ते १० मिनिटांत, काळा १५ मिनिटांच्या पुढे. कड उचलून एका कोपऱ्यातला थेंब ओल्या कापसानं पुसून छटा बघा. डिस्क ओली असताना रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर थोडा फिका वाटतो.

७. बाहेर काढून लगेच गार पाण्याखाली धरा, मग साबण. डिस्क पूर्ण गार झाल्यावरच व्हिनाइल सोला. गरम असताना सोललंत तर गोंद मागे राहतो.

काळ्या रंगाबद्दल वेगळं सांगायला हवं. काळा डिस्पर्स डाय सहसा एकच रंग नसतो. नारिंगी, निळा, जांभळा असे तीन-चार रंग मिळून तो बनवलेला असतो आणि ते प्लास्टिकमध्ये एकाच गतीनं शिरत नाहीत. सहा मिनिटांत काढलात तर डिस्क जांभळट किंवा तपकिरी दिसते आणि माणूस दुकानदाराला दोष देतो. दोष घाईचा असतो.

दोन-तीन रंगांची नक्षी एकाच व्हिनाइलमधून करता येते. आधी काळ्याची जागा सोला, काळा द्या, धुवा, वाळवा. मग लालाची सोला, लाल द्या. शेवटी पिवळ्याची. क्रम गडदाकडून फिक्याकडे, कारण पहिल्यांदा उघडलेली जागा पुढच्या सगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा बुडते. काळ्यावर पिवळा चढला तर कुणाला कळत नाही. पिवळ्यावर काळा चढला तर सगळी नक्षी काळी.

दाढीच्या फेसावर

उष्णता लागत नाही, व्हिनाइल लागत नाही, आणि प्रत्येक डिस्क वेगळी येते. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. जेल नको, साध्या डब्यातला फेस घ्या. २५ सेंमीच्या ताटात फेसाचा अडीच-तीन सेंमी थर करा आणि पट्टीनं सपाट करा. खळगा राहिला की तिथे डिस्क टेकत नाही.

रंग मात्र दाट हवा. पाव चमचा पावडर १५ मिली गरम पाण्यात कालवा, गाळा, निवू द्या आणि ड्रॉपरनं फेसावर थेंब सोडा. थेंबांच्या मधे पांढरी जागा ठेवा, नाहीतर सगळे रंग मिळून शेणकट तपकिरी होतं. खराट्याची काडी घेऊन थेंबांतून रेघ ओढली की रांगोळीच्या ठिपक्यांतून निघतात तशी पिसं निघतात. सातआठ रेघांवर थांबा. आणखी एक रेघ ओढायचा मोह होतो आणि तिथेच नक्षी मोडते.

डिस्क पालथी, कडेनं टेकवत, फेसावर ठेवा. सगळीकडून सारखं, अर्धा सेंमी आत जाईल एवढं दाबा. ओलावा टिकावा म्हणून वर मोठं पातेलं पालथं घाला आणि २४ तास हात लावू नका. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा ३८ च्या पुढे असतो तेव्हा रंग १२ तासांतच पुरेसा मुरतो. पण फेसही लवकर बसतो, तेव्हा थर सेंमीभर जास्त घ्या. डिसेंबर-जानेवारीत ३० तास द्या. फेस मधेच विरला की रंगाचे ओघळ वाहतात आणि नक्षीच्या जागी नकाशातल्या नद्या उमटतात.

मेंदीचा कोन

हाताला मेंदी काढायची सवय असलेलं घरात कुणी असेल तर ही पद्धत त्यांच्याकडे सोपवा. बिनतेलकट, पांढऱ्या, दाट बॉडी लोशनच्या दोन चमच्यांत पाव चमचा रंग घोटा. गुठळी राहू देऊ नका, कोनाच्या टोकात अडकते. रिकाम्या कोनात भरा, टोक एक मिलीमीटर कापा आणि डिस्कवर सरळ नक्षी काढा. वेल, कुयरी, अक्षरं, सगळं जमतं. लोशन वाहत नाही, म्हणून रेषा जागच्या जागी राहते. चुकलं तर पहिल्या मिनिटभरात अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसलं जातं, नंतर नाही.

नक्षी झाल्यावर डिस्क झाकणाच्या डब्यात ठेवा, लोशन वाळता कामा नये. वाळलेल्या लोशनमधून रंग पुढे सरकत नाही. २४ तासांनी चमच्याच्या मागच्या बाजूनं लोशन खरवडून काढा आणि मग गार पाणी. आधीच नळाखाली धरलंत तर सुटलेला रंग पांढऱ्या भागावर फिरतो आणि फिकी झाक सोडतो.

केक सजवायचं फिरतं टेबल असेल तर लोशनची किंवा फेसाची तबकडी त्यावर फिरवत कोनातून रंग सोडा, एकात एक वर्तुळं मिळतात. गोंदाच्या थरावर पेशींसारखी नक्षी आणायचीही पद्धत आहे. पण गोंद, पाणी आणि रंगाचं माध्यम यांचं प्रमाण जुळेपर्यंत तीन-चार डिस्क जातात. आयात डिस्कच्या भावात ते परवडत नाही.

बिघडलेलं दुरुस्त होतं का

फारसं नाही. मुरलेला रंग उपसता येत नाही. ॲसिटोनच्या फडक्यानं वरची छटा किंचित उतरते, धारदार चूक थोडी मऊ होते, एवढंच. व्हिनाइलखाली रंग पाझरून कड दातेरी झाली असेल तर त्याच जागी गडद रंगाची बाह्यरेषा कोनानं काढून झाकता येते. पांढरे चट्टे राहिले असतील तर अख्खी डिस्क फेसावर दुसऱ्या रंगात घाला. चट्टे नक्षीचा भाग होऊन जातात. वाकलेली डिस्क ६० अंशांच्या साध्या पाण्यात तीन मिनिटं ठेवा आणि काचेच्या सपाट टेबलावर सरळ करून गार होऊ द्या.

काही महिन्यांनी बारीक रेषा किंचित पसरतात. तो तुमचा दोष नाही, रंग प्लास्टिकमध्ये सरकत राहतो, मऊ प्लास्टिकमध्ये जास्त. म्हणून बारीक अक्षरांपेक्षा ठसठशीत आकार टिकतात. रंग निवडताना मैदानाचाही विचार करा. पावसाळ्यानंतर गवत आणि कडेचा ऊस सगळं हिरवंगार असतं, त्यात हिरवी-तपकिरी डिस्क गेली की दिवस शोधण्यात जातो. गुलाबी, नारिंगी, किंवा पांढऱ्याची जागा भरपूर सोडलेली नक्षी लांबून दिसते. पूर्ण काळी डिस्क उन्हात तापते, गाडीच्या काचेखाली तर नकोच.

उरलेलं रंगाचं पाणी फेकू नका. गाळून जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वापरताना हलवून पुन्हा गरम करा. चार-पाच डिस्क निघतात, दर वेळी दोन मिनिटं वाढवायची. पूर्ण फिकं झाल्यावर पसरट तसराळ्यात गच्चीवर आटू द्या आणि तळाला राहिलेला चोथा पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, नाल्यातून कृष्णेत नको. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘रंग’ लिहा आणि ती सरबताच्या बाटल्यांच्या फडताळात ठेवू नका. लाल डिस्पर्स डाय आणि कोकम सरबत बाटलीत अगदी सारखे दिसतात.